बेसिल लावताय? मग खुडायची तयारी ठेवा

पहिल्यांदा बेसिलचं रोप घरी आणलं, तेव्हा सासूबाईंनी एक पान चुरगळलं, नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "अगं, हा तर सब्जा!" त्यांच्या माहेरी विहिरीच्या वाटेवर तो आपोआप उगवायचा. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. फालुद्यात, सरबतात जे काळे दाणे भिजून बुळबुळीत होतात, ते याच जातीच्या झाडाचे. दोघांचं शास्त्रीय नाव एकच, ऑसिमम बॅसिलिकम. इटलीत त्यातले मऊ, मोठ्या पानांचे, गोडसर वासाचे वाण जपले गेले. आपण बियांसाठी जपले. कर्नाटकात याच झाडाला कामकस्तुरी म्हणतात. तुळस याच वंशातली, पण जात वेगळी: ऑसिमम टेन्यूइफ्लोरम. म्हणून दिसायला दोघी बहिणी, पण वास वेगळा. तुळशीच्या वासात लवंग पुढे असते, कारण तुळस आणि लवंग दोन्हींत युजेनॉल हे द्रव्य भरपूर आहे. इटालियन बेसिलमध्ये लिनालूलचा फुलांसारखा गोडवा पुढे येतो.

हे आधी सांगितलं, कारण बेसिल म्हणजे नाजूक परदेशी पाहुणा, ते आपल्याकडे जगत नाही, असं मला बरेच जण सांगतात. आपली हवा त्याला आवडते. त्याला सोसत नाही ती थंडी. मग रोपं मरतात का? मी पाहिलं आहे की बहुतेक घरांत बेसिल दोनच कारणांनी जातं: पाणी जास्त झालं, किंवा कोणी ते खुडलंच नाही. माझं पहिलं रोप दुसऱ्या कारणाने गेलं. इतकं छान दिसत होतं की पान तोडायचं जिवावर येई. ते काठीसारखं सरळ वाढलं, शेंड्याला तुरा आला, पानं बारीक आणि उग्र झाली आणि तीन महिन्यांत खेळ संपला. त्यानंतर मी खुडायला शिकले. या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग त्याच्याबद्दल आहे.

कोणतं बी घ्यायचं

पहिल्यांदाच लावत असाल तर 'जेनोव्हीज' किंवा 'स्वीट बेसिल' असं लिहिलेलं पाकीट घ्या. टोमॅटो, पास्ता, पेस्तो (बेसिलची इटालियन चटणी) यांत जो वास अपेक्षित असतो तो याचाच. थाई बेसिल जांभळट देठाचं, बडीशेपेच्या वासाचं. नारळाच्या दुधातल्या आमटीत ते सुरेख लागतं. लिंबाच्या वासाचं बेसिल सरबताला उत्तम. हे दोन्ही दुसऱ्या वर्षी लावा.

किराणा दुकानातला सब्जा पेरला तर? उगवतो, आणि जोमाने उगवतो. मुलांना बी रुजताना दाखवायचं असेल तर त्याहून स्वस्त आणि खात्रीचं बी नाही. मात्र त्याची पानं लहान, वास बडीशेप-कापराकडे झुकणारा, आणि तुराही लवकर येतो. पेस्तो करायच्या आशेने तो लावू नका.

कधी पेरायचं

महाराष्ट्रात पाऊस ओसरल्यावर. सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. माती अजून उबदार असते, हवा कोरडी व्हायला लागलेली असते आणि ऊन स्वच्छ असतं. जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेलंही चांगलं येतं. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात दुपारच्या उन्हात पानं करपतात, तिथे हिरवी जाळी बांधावी लागते. जूनमध्ये मात्र नवीन पेरणी करू नका, कोकणात तर नकोच. सतत ओल्या हवेत कोवळी रोपं टिकत नाहीत.

परदेशात थंडीच्या गावात राहत असाल तर हिशेब उलटा. बर्फ-दहिवर (गोठलेलं दव) पूर्ण संपल्यावर, रात्रीचं तापमान 10 अंशांच्या वर राहू लागलं की मगच रोप बाहेर काढा. त्याच्या खाली पानांवर काळे डाग पडतात.

जागा आणि कुंडी

रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन. गॅलरी कोणत्या दिशेला आहे ते बघा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेची गॅलरी ऑक्टोबर ते फेब्रुवारी सोन्यासारखी. पूर्वेची सकाळच्या उन्हासाठी चांगली. पश्चिमेची चालते, फक्त उन्हाळ्यात पडदा लागतो. उत्तरेच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन येतच नाही. तिथे बेसिल लांबुडकं, फिकट होतं, आणि कितीही खत घातलं तरी त्यावर उपाय नाही. तिथे पुदिना लावा.

कुंडी आठ ते दहा इंच खोल, तळाला भोकं असलेली. मातीची असेल तर उत्तम, कारण ती जास्तीचं पाणी बाहेर सोडते. उन्हाळ्यात लवकर सुकते एवढंच. मिश्रण साधं: एक भाग बागेची माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, वर मूठभर निंबोळी पेंड. तुमच्याकडे काळी चिकणमाती असेल तर तिचं प्रमाण निम्मं करा आणि तेवढी जाडसर वाळू घाला. काळ्या मातीत पाणी धरून राहतं आणि बेसिलच्या मुळांना ते चालत नाही.

पेरणी

बी भिजवायची गरज नाही. सब्जासारखंच त्याच्याभोवतीही भिजल्यावर बुळबुळीत कवच तयार होतं, आणि भिजवून ठेवलेलं बी चिकटून एका जागी गोळा होतं. कोरडंच पेरा.

माती आधी ओली करून पाणी निथळू द्या. बिया दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर पसरा. त्यांच्यावर चाळलेल्या कोकोपीटचा अगदी पातळ थर द्या, चिमटीने भुरभुरावा इतकाच. मग फवाऱ्याने पाणी. थोड्या वेळाने उघड्या राहिलेल्या दाण्यांभोवती निळसर-पांढरी झाक दिसेल. ती बुरशी नव्हे, ते कवच आहे. हे माहीत नसल्यामुळे माझ्या एका शेजारणीने अख्खी कुंडी उपसून टाकली होती.

उबदार दिवसांत पाच ते आठ दिवसांत अंकुर दिसतात. पहिली दोन पानं अर्धगोल असतात, ती खरी पानं नव्हेत. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की विरळणी करा. आठ इंचाच्या कुंडीत दोन, दहा इंचाच्या कुंडीत तीन रोपं पुरे. बाकीची अलगद उचलून दुसरीकडे लावा, किंवा धुऊन सरळ सॅलडमध्ये घाला. इटलीतल्या जेनोव्हा शहराच्या प्रा भागातल्या काचगृहांत तर बेसिल याच कोवळ्या वयात, खऱ्या पानांच्या दोन ते चार जोड्यांवर, मुळांसकट उपटून जुड्या बांधतात. पेस्तोसाठी त्यांना तीच पानं हवी असतात.

या टप्प्यावर एक धोका: रोपाचं देठ मातीलगत बारीक, काळपट होऊन ते कोलमडतं. दाट पेरणी, ओली माती आणि कोंदट हवा एकत्र आली की हे होतं. कोलमडलेलं रोप वाचत नाही, शेजारच्यांना वाचवा: विरळ करा, दोन दिवस पाणी थांबवा, वारा लागेल तिथे ठेवा.

तयार रोप आणलंत तरी एक काम करा. मॉलमध्ये, आणि परदेशातल्या सुपरमार्केटमध्ये तर हमखास, छोट्या कुंडीत हिरवंगार झुडूप दिसतं. ते एक रोप नसतं. दहा-पंधरा रोपं कोंबलेली असतात, आणि एकमेकांच्या वाटणीचं पाणी ओढून ती पंधरा दिवसांत माना टाकतात. घरी आणल्या दिवशीच मुळांचा गड्डा पाण्यात ओला करून चार भागांत हळूच फोडा आणि चार कुंड्यांत लावा. दोन दिवस सावलीत ठेवलं की सावरतात.

पाणी

रोज ठरावीक तांब्याभर, ही सवय सोडा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती हवी: माती ओलसर, पण मुठीत दाबली तर पाणी सुटत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि दिलंत की तळाच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत द्या. ताटलीत साचलेलं ओतून टाका. सकाळी, बुंध्याशी, पानं न भिजवता.

दुपारी कडक उन्हात पानं मलूल दिसतात तेव्हा लगेच झारी उचलू नका. माती ओली असेल तर संध्याकाळी ती आपली उभी राहतात. ओल्या मातीतही सकाळी पानं लोंबत असतील, तर मुळं कुजायला लागली आहेत.

खत महिन्यातून दोनदा, हलकं: गांडूळखताचं पाणी किंवा दसपट पातळ केलेलं जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण). युरियासारखं नत्र भरपूर दिलं की पानं मोठी होतात खरी, पण वास पातळ होतो. बेसिल वासासाठी लावायचं, मग असं पान काय कामाचं?

खुडणं

आता मुख्य गोष्ट. रोप वीतभर झालं, खऱ्या पानांच्या चार जोड्या दिसल्या, की जवळ जाऊन नीट बघा. पानं समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात असते. जिथे पानाचा देठ खोडाला मिळतो त्या बेचक्यात हिरवा ठिपका दिसेल. तो झोपलेला डोळा आहे. शेंड्यातून खाली उतरणारं एक संप्रेरक, ऑक्सिन, त्याला झोपवून ठेवतं. शेंडा गेला की ते थांबतं आणि दोन्ही बाजूंचे डोळे जागे होतात.

म्हणून खालच्या दोन जोड्या ठेवा आणि दुसऱ्या जोडीच्या अर्धा सेंटिमीटर वर खोड कापा. नखाने खुडलं तरी चालेल. कात्री असेल तर धार असलेली घ्या, चेपणारी नको. वर लांब खुंट ठेवू नका, तो काळा पडतो. आठवड्यात त्या जागी दोन फांद्या येतील. त्यांना पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की पुन्हा तसंच. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. तीन वेळा खुडलेलं रोप गोल, बुटकं, दाट दिसतं आणि दर आठवड्याला मूठभर पानं देतं.

पहिल्यांदा हात धजत नाही, हे मला माहीत आहे. आपला हात तुळशीवर घडलेला असतो. तुळशीला विचारून पान घ्यायचं, एकादशीला-द्वादशीला हात लावायचा नाही, लागेल तेवढंच तोडायचं. ती मर्यादा मला प्रिय आहे आणि तुळशीपाशी मी ती पाळते. बेसिलपाशी मात्र तीच सवय त्याच्या जिवावर उठते. त्याला न तोडणं म्हणजे त्याला म्हातारं करणं.

नवशिक्यांची दुसरी चूक अशी की ते खालची मोठी पानं एकेक करून तोडतात आणि शेंडा तसाच ठेवतात. मोठी पानं ही रोपाची चूल. ती काढलीत की वर काटकुळं देठ आणि टोकाला चार पानं उरतात. तोडायचं ते वरून, फांदीसकट. आणि पहिलं खुडणं सोडलं तर एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही.

तुळशीच्या मंजिऱ्या काढतो तसे बेसिलचे तुरेही दिसताक्षणी काढा. तुरा धरला की झाडाची सगळी ताकद बियांकडे जाते, देठ लाकडासारखं होतं आणि पानात कडवटपणा येतो. शेंड्यावरची पानं अचानक बारीक आणि दाटीने यायला लागली की समजा, तुरा येतोय. त्याखालच्या दोन जोड्यांसकट कापा.

काडीपासून नवं रोप

खुडलेल्यातली चार इंचाची एक फांदी निवडा, तुरा नसलेली. खालची पानं काढून काचेच्या पेल्यात पाण्यात उभी करा. पान पाण्यात बुडू देऊ नका. खिडकीशी ठेवा, थेट उन्हात नाही. दोन दिवसांनी पाणी बदला. आठवडा-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात, ती बोटाच्या पेराएवढी झाली की कुंडीत लावा. बाजारातून आणलेली जुडी ताजी असेल तर तिच्यातल्या काड्याही अशाच रुजतात. बी महाग वाटत असेल तर हा रस्ता धरा.

आपल्याकडे दहिवर पडत नाही तिथे बेसिल वर्षाहून जास्त जगू शकतं, पण सहा-आठ महिन्यांनंतर ते लाकडी होतं. मी दर चार महिन्यांनी दोन काड्या रुजवते. जुनं रोप थकलं की नवं तयार असतं.

कीड आणि पाऊस

मावा आणि पांढरी माशी पानांच्या मागे बसतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निम्मं काम होतं. पिठ्या ढेकूण कापसासारखा दिसतो, तो ओल्या फडक्याने पुसून काढा. राहिलंच तर लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी, आणि मग आठवडाभर पानं खाऊ नका. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात. रासायनिक औषध मी सुचवणार नाही, पान आपण कच्चं खातो.

पावसाळ्यातला खरा शत्रू म्हणजे केवडा रोग, ज्याला नाशिकचे द्राक्षबागायतदार 'डाऊनी' म्हणतात त्याच कुळातला. पान वरून शिरांच्या मधे पिवळं पडतं आणि उलटून पाहिलं तर करडी-जांभळट लव दिसते. ती पानं लगेच काढा, कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. जूनच्या आधी रोप छपराखाली घ्या, फांद्या विरळ करा, वारा खेळू द्या. तरीही रोग पसरलाच तर रोप सोडून द्या आणि निरोगी फांदीची काडी वाचवा.

स्वयंपाकघरात

बेसिल कढीपत्त्यासारखं फोडणीत टाकू नका. त्याचा वास उडून जाणाऱ्या तेलांत असतो, गरम तेलात तो मिनिटभरात जातो. कोथिंबिरीसारखं वागवा: गॅस बंद केल्यावर, सगळ्यात शेवटी. फरक इतकाच की कोथिंबीर आपण कचाकचा चिरतो. बेसिल तसं चिरलं तर कडा काळ्या पडतात. हातानेच दोन-तीन तुकडे करा.

सुरुवात टोमॅटोपासून करा. पिकलेल्या लाल टोमॅटोच्या जाड चकत्या, ताजं पनीर, मीठ, मिरपूड, बेसिलची पानं, वरून ऑलिव्ह तेल. दहा मिनिटं तसंच राहू द्या, टोमॅटोला सुटलेलं पाणी पावाने पुसून खा. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते तेव्हाच गॅलरीतलं बेसिलही भरात असतं. स्ट्रॉबेरी, थोडी साखर, लिंबाचे चार थेंब आणि फाडलेली पानं एकत्र करून ठेवा. मला याहून चांगलं गोड सुचत नाही.

मग पेस्तो. इटालियनमध्ये 'पेस्तारे' म्हणजे कुटणं; आपला ठेचा जसा ठेचण्यावरून, तसाच हा. म्हणून खलबत्ता असेल तर तोच काढा. लसणाच्या दोन-तीन गावठी पाकळ्या आणि चिमूटभर खडे मीठ आधी वाटा. त्यात दोन टेबलस्पून काजू. मूळ कृतीत पाइनच्या बिया असतात. आपल्याकडे चिलगोजे मिळतात, पण फार महाग. शेंगदाणे घातले की ती शेंगदाण्याची चटणी होते; चांगली लागते, पण बेसिल मागे पडतं. मग दोन वाट्या दाबून भरलेली, धुऊन पूर्ण कोरडी केलेली पानं थोडी थोडी घाला. आपटू नका, बत्ता खलाच्या भिंतीवर गोल फिरवत चुरा. शेवटी अर्धी वाटी किसलेलं पार्मेजान आणि पाच-सहा टेबलस्पून ऑलिव्ह तेल. शाकाहारी असाल तर चीजच्या वेष्टनावरचा हिरवा ठिपका बघा, कारण इटलीतल्या अस्सल पार्मेजानमध्ये वासराच्या जठरातलं, दूध जमवणारं रेनेट असतं.

मिक्सरमध्ये करायचं असेल तर भांडं अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि झटके देत फिरवा, कारण पात्याच्या उष्णतेने पानं काळी होतात. तेल मिक्सरमध्ये घालू नका, कडवट होऊ शकतं. बाहेर काढून चमच्याने मिसळा.

पेस्तो शिजवायचा नाही. पास्ता निथळून, गॅसवरून उतरवून, त्याचंच दोन चमचे पाणी घालून कालवायचा. तव्यावरून उतरलेल्या ज्वारीच्या भाकरीवरही लावून बघा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांत संपवा. तेलातला कच्चा लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, दोन-तीन महिने राहतो.

साठवण आणि बी

पानं फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीने एका रात्रीत काळी होतात. फांद्या फुलांसारख्या पेल्यात पाण्यात उभ्या करून ओट्यावर ठेवा, वर पिशवी सैल घाला. पाच-सहा दिवस टवटवीत राहतात. धुवायचं ते वापरण्याच्या आधी. पानं वाळवण्यात मला अर्थ दिसत नाही, सुकल्यावर वास गवतासारखा होतो.

मार्चमध्ये एक जुनं रोप मात्र न खुडता सोडून द्या. पांढऱ्या तुऱ्यांवर मधमाश्या येतील. शेजारी थाई किंवा दुसरं बेसिल फुललं असेल तर बी मिसळीचं होईल, म्हणून शुद्ध वाण हवा असेल तर त्यांचे तुरे खुडत राहा. तुरे तपकिरी झाले की कापून कागदी पिशवीत उलटे टांगा, आठवड्याने तळहातावर चोळा आणि फुंकर मारा. काळे दाणे खाली राहतील. निम्मे काचेच्या बाटलीत, तारीख घालून, पुढच्या ऑक्टोबरसाठी ठेवा. उरलेल्यांतला चमचाभर सब्जा भरपूर पाण्यात वीस मिनिटं पुरता फुगू द्या, कोरडा कोणालाही देऊ नका, लहान मुलांना तर नाहीच, आणि लिंबाच्या सरबतात घाला.